बॉयलरला पाचट नको, तुराट्या द्या

एका कारखानदाराचा प्रश्न थोडक्यात असा आला आहे. बेळगावजवळच्या होनग्याच्या औद्योगिक वसाहतीत सायझिंग (सुताला खळ लावणं) आणि डाईंगचं युनिट, दोन टनी म्हणजे तासाला दोन टन वाफ देणारा बॉयलर, सध्या कोळशावर. घरची शेती रायबाग तालुक्यात, सगळा ऊस. तोडणी झाली की फडातलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, डोळ्यांदेखत पेटवलं जातं, ते आणून बॉयलरला का घालू नये? थोरल्या भावाची मच्छेला फौंड्री (लोखंड ओतायचा कारखाना) आहे, तिथंही हे इंधन चालेल का? आणि काडीकचरा दाबून इंधनाच्या कांड्या, म्हणजे ब्रिकेट, करायचा घरचाच कारखाना टाकला तर?

पाचटापासून सुरू करतो, कारण आपल्या भागात सगळ्यांची नजर आधी तिथंच जाते. अथणी, रायबाग, चिकोडी, हुक्केरी, जिकडं जाल तिकडं ऊस. एकरी 40 टन ऊस निघाला तर चारेक टन पाचट मागं राहतं. वाळलेल्या पाचटात किलोला साडेतीन हजार किलोकॅलरीच्या वर उष्णता असते, म्हणजे बऱ्याच देशी कोळशाच्या तोडीस तोड. कागदावर हिशेब झकास बसतो आणि माणूस गाठी बांधणाऱ्या बेलर मशीनची चौकशी करायला लागतो.

अडचण उष्णतेची नाहीच, राखेची आहे. पाचटात पोटॅश भरपूर, शिवाय क्लोरीन आणि सिलिका. पोटॅश आणि सिलिका एकत्र तापले की आठ-नऊशे अंशांच्या आसपास राख मऊ पडायला लागते, आणि भट्टीचं तापमान त्याच्या वर असतं. मग राख खाली झडत नाही, वितळून चिकटते. चिकोडीकडच्या एका सायझिंगवाल्यांनी पाचटाच्या गाठी थेट शेगडीवर घालायला सुरुवात केली होती, तेव्हा मी बघायला गेलो होतो. पहिले दोन तास गडी खूश, प्रेशर आठ किलोवर स्थिर. मग शेगडीवर हिरवट-काळ्या काचेसारखी पापडी धरायला लागली. खालून हवा येणारी भोकं त्या पापडीनं बुजली, जाळ एका कोपऱ्यात सरकला आणि प्रेशर सहाच्या खाली आलं. बॉयलरवाला लोखंडी सळी घालून ती पापडी फोडायचा, फोडेपर्यंत दार उघडं, त्यातून गार हवा आत, प्रेशर आणखी खाली. पुढं तर दर तासाला तेच. तिकडं सायझिंग मशीनच्या सूत सुकवणाऱ्या सिलिंडरला पुरेशी वाफ नाही म्हणून बीम (सुताचे मोठे रोल) ओले निघायला लागले. चौथ्या दिवशी नळ्या उघडल्या तर आतून राखाडी थर बसलेला, ब्रशनं निघेना.

यावर कुणीही विचारेल की साखर कारखाने इतकी वर्षं बगॅस (उसाचा चोथा) जाळतात, त्यांना हे का होत नाही? पीक एकच, पण वस्तू दोन. बगॅस चरकातून पाणी मारून मारून पिळून निघालेला असतो आणि रसाबरोबर त्यातलं बरंचसं पोटॅशही निघून जातं. पाचटाला तसली धुलाई मिळत नाही. एखाद्या अवकाळी पावसात भिजून पुन्हा वाळलेलं पाचट त्यातल्या त्यात बरं जळतं, तेही याच कारणानं. दुसऱ्या चांगल्या इंधनात दहा-पंधरा टक्के मिसळून चालवणारे लोक आहेत, आणि तेवढं जमतं. पण गरम वायू तीन फेऱ्या मारतो तसला साधा तीन-पास शेल बॉयलर निव्वळ पाचटावर चालवायचा विचार सोडा.

आणि जे पोटॅश बॉयलरला नको, ते शेताला हवंच आहे. पाचटात साधारण अर्धा टक्का नत्र आणि एक टक्क्याच्या आसपास पोटॅश असतं, सेंद्रिय कर्ब वेगळाच. कृष्णा आणि घटप्रभेच्या काठच्या काळ्या जमिनी पाणी पिऊन पिऊन कुठं पोचल्यात हे मी शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. खोडव्यात पाचट सरीत दाबलं, वरून थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर टाकलं, तर पाण्याच्या एक-दोन पाळ्या वाचतात आणि तणही दबतं. पेटवणं वाईटच, पण पेटवायचं नाही म्हणजे कारखान्यात न्यायचं असं कुठं आहे?

मग बॉयलरला द्यायचं काय? माझी फूटपट्टी सोपी आहे. जे शेतकऱ्याला शेतात नको आहे आणि जे लाकडासारखं जळतं, ते. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, पहिल्या नंबरवर. मग सौंदत्ती, बैलहोंगल, गोकाककडच्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या काड्या. कापसाची झाडं शेतात उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळी त्यात तग धरते, म्हणून कृषी खातंही ती लवकर काढायला सांगतं. शेतकऱ्याला ती बाहेर काढायचीच असतात, आपण उचलली तर त्याचंच काम होतं. मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं फार छान, राख कमी आणि आकार हाताशी येणारा. शेंगांची फोलपटं चार हजार किलोकॅलरीच्या आसपास जातात, पण ती सगळ्यांनाच माहीत असल्यानं भावात मिळत नाहीत. खानापूर आणि पलीकडच्या चंदगडमध्ये काजूच्या टरफलांचे ढीग असतात. ती कच्ची जाळू नका. त्यातलं तेल जाळावर आलं की धूर असा तिखट निघतो की शेजारच्या युनिटचे कामगार दारात येऊन उभे राहतात. तेल काढून उरलेली पेंड मात्र उत्तम इंधन आहे. खानापूरच्या भाताचा तूसही आहे, पण त्यात 15 ते 20 टक्के राख, तीही जवळजवळ सगळी सिलिका. ती सँडपेपरसारखी नळ्या झिजवते. निपाणीकडच्या तंबाखूच्या खुंटांचं पोटॅशचं दुखणं पाचटासारखंच, वर त्याचा धुरळा कुट्टी करणाऱ्या माणसाला चढतो. सोयाबीनचं भुसकट ब्रिकेटमध्ये मिसळायला ठीक आहे, पण दुष्काळाच्या वर्षी ते जनावरांच्या दावणीत जातं आणि बाजारातून गायब होतं. ज्वारीच्या कडब्याचं तर नावच काढू नका. ज्याला वैरण म्हणून गिऱ्हाईक आहे ते इंधन म्हणून परवडत नाही आणि परवडूही नये.

बगॅसचं एक सांगून टाकतो, कारण दर हंगामात कुणीतरी विचारतंच. जिल्ह्यात कारखाने डझनानं आहेत, पण त्यांचा बगॅस आता कचरा राहिलेला नाही. वीजनिर्मिती आणि इथेनॉलच्या डिस्टिलऱ्या यांनाच तो लागतो. जो शिल्लक विकला जातो त्यात निम्मं पाणी असतं आणि गिऱ्हाईक म्हणून कागद गिरण्या आधीच रांगेत असतात. त्याच्या भरवशावर दोन टनी बॉयलर बसवू नका.

आता पैशाचं. इंधन किलोच्या भावावर कधीच घेऊ नका, हजार किलोकॅलरीला किती पडलं ते बघा आणि त्याला बॉयलरच्या कार्यक्षमतेनं भागा. समजा ब्रिकेट 7 रुपये किलो, उष्णता 3,800, तर हजार किलोकॅलरीला 1 रुपया 84 पैसे. बॉयलर सत्तर टक्क्यांनी चालला तर वाफेत पोचलेली उष्णता पडली 2 रुपये 63 पैशांना. समजा कोळसा साडेनऊ रुपये, उष्णता 5,000, बॉयलर 75 टक्के, तर 2 रुपये 53 पैसे. फर्नेस ऑइल 55 रुपये किलो, उष्णता 10,000, कार्यक्षमता 85 टक्के धरली तर 6 रुपये 47 पैसे. हे भाव मी उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या बिलावरचे टाकून बघा. चित्र फार बदलणार नाही. तेल, डिझेल किंवा एलपीजी जाळणाऱ्याला काडीकचऱ्यावर येणं म्हणजे सरळ निम्म्याहून जास्त बचत. कोळसा जाळणाऱ्याला मात्र जेमतेम बरोबरी, कधी चार पैसे तोटाही. तुम्ही कोळशावर आहात, त्यामुळं केवळ पैसे वाचतील म्हणून या वाटेला येऊ नका. कोळशाचे भाव चढले, गंधकाचा त्रास नको झाला, किंवा कापड घेणारं गिऱ्हाईक इंधनाचा हिशेब मागायला लागलं, तर गोष्ट वेगळी.

ओलावा हा या धंद्यातला खरा चोर. तोच माल दहा टक्के ओला असेल तर किलोला 3,450 किलोकॅलरी हाती लागते. तीस टक्के ओला असेल तर 2,550. म्हणजे ट्रकमागं चौथा हिस्सा उष्णता गेली, आणि वजनकाट्यावर पैसे मात्र पाण्याचेही दिले. त्यामुळं गाडी आली की वरचा माल हातात घेऊन चुरगाळून बघायचं नाही. वरचा थर वाटेतल्या उन्हा-वाऱ्यानं वाळलेला असतो. गाडी अर्धी रिकामी होऊ द्या, मग मधल्या आणि तळाच्या मालातून चार-पाच ठिकाणचे नमुने घ्या, एकत्र करून त्यातले 100 ग्रॅम 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. जितके ग्रॅम घटले तितके टक्के पाणी. करारात लिहून घ्या की 12 टक्क्यांच्या वर दर टक्क्याला किती कापणार आणि वीसच्या वर गाडी परत. राज्याच्या हद्दीपलीकडून कागल-गडहिंग्लजचा माल येणार असेल तर हा कागद आधी हवा. गाडी दारात उभी राहिल्यावर ड्रायव्हरशी वाद घालून काही होत नाही. राखेचंही तसंच. शेतात काड्या ट्रॅक्टरच्या फणानं गोळा केल्या की माती बरोबर येते. चार टक्के राखेचा माल बारा टक्क्यांवर गेलेला मी पाहिलाय, आणि त्यातली सात-आठ टक्के तर निव्वळ काळी माती होती.

किती लागेल याचाही अंदाज घ्या. दोन टनी बॉयलरवर सरासरी तासाला दीड टन वाफ, सोळा तास, म्हणजे दिवसाला 24 टन. किलोभर ब्रिकेटमागं चार किलो वाफ धरली तर रोज 6 टन ब्रिकेट, वर्षाला 1,800 टन. तुराट्या किंवा पऱ्हाट्या एकरी टनभर निघतात असं धरलं तर सुमारे दोन हजार एकरांचा माल झाला. घरच्या शेतीचा यात काही संबंध उरत नाही, बघा. आणि हा सगळा माल जानेवारी ते मार्च एवढ्यातच शेतात असतो, बॉयलर मात्र बारा महिने चालतो. जूनला पाऊस लागला की खानापूरकडून गाडी सुकी येणं अवघडच. म्हणजे पावसाळ्याच्या शंभर दिवसांसाठी 600 टन साठा छपराखाली हवा. ब्रिकेट असेल तर हजारभर घनमीटर, तीन मीटर उंच थप्पी आणि मधल्या वाटा धरून पाच हजार चौरस फुटांचं शेड. तेच सुटं पाचट असतं तर साडेआठ हजार घनमीटर! एवढी जागा होनग्यात कुणाकडं आहे?

साठ्याबरोबर आग आलीच. मोठा ओला ढीग आतून आपोआप तापतो, वाफाळायला लागतो आणि एखाद्या दुपारी धुमसतो. थप्प्या वेगवेगळ्या ठेवा, मधून ट्रॅक्टर जाईल एवढी वाट सोडा, वेल्डिंगचं काम आणि विडी शेडच्या आसपास नको. विम्याच्या पॉलिसीत हा साठा वेगळा नोंदवा. कोळशाच्या नावावरची पॉलिसी आग लागल्यावर कामाला येत नाही.

बॉयलरमध्ये काय बदलावं लागेल? कोळशात जळणारा वायू कमी आणि घन कार्बन जास्त. काड्यांचं उलट, सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग वायू होऊन वर उठतो आणि तिथंच जळतो. म्हणून कोळशासाठी सगळी हवा शेगडीखालून सोडलेली असते ती इथं उपयोगाची नाही, वरूनही हवेचे झोत हवेत, नाहीतर चिमणीतून काळा धूर जातो आणि इंधन वाया. भट्टीची उंची कमी असेल तर जाळ नळ्यांत शिरतो. स्क्रू फीडर लावणार असाल तर जाळ उलटा हॉपरकडं येऊ नये म्हणून रोटरी व्हॉल्व्ह आणि पाण्याची तोटी हवीच. मागं धुरातली राख-धूळ पकडायला मल्टिसायक्लोन आणि बॅग फिल्टर. बॅग फिल्टरच्या आधी ठिणग्या अडवणारं काहीतरी नसेल तर पहिल्याच महिन्यात पिशव्यांना भोकं पडतात. आणि बॉयलरवाला. कोळशावर पंधरा वर्षं काढलेला माणूस ब्रिकेटलाही कोळशासारखं फावड्यानं ढीग करून घालतो. थोडं थोडं, वरचेवर, पातळ थर, हे त्याच्या हातात बसायला महिना जातो. गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घातलेला निपाणीकडचा माणूस मिळाला तर सोनं. चिपाड कधी, किती आणि कुठल्या बाजूला टाकायचं हे त्याला शिकवावं लागत नाही.

आता भावाच्या फौंड्रीचं. बीड (ओतीव लोखंड) वितळवायला 1,400-1,500 अंश लागतात आणि बेळगावच्या बहुतेक फौंड्र्यांत ते काम इंडक्शन भट्टीत विजेवर होतं, टनाला साधारण 550 ते 650 युनिट. काडीकचऱ्याच्या जाळावर ते होणार नाही, जुन्या कुपोलात (कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्टीत) कोकची जागाही ब्रिकेट घेऊ शकत नाही. कोक नुसता जळत नाही, वरच्या भाराचं वजनही पेलतो. ब्रिकेट तापल्यावर भुगा होतं. कुणी मशीनवाला याहून वेगळं सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

पण फौंड्रीत वितळवण्याशिवायही उष्णता लागते. वाळू सुकवायचा ड्रायर, कोअर ओव्हन, रंग भाजायची भट्टी, ही सगळी दोन-तीनशे अंशांची कामं डिझेलवर किंवा एलपीजीवर चालतात. तिथं ब्रिकेटवरचा हॉट एअर जनरेटर सरळ बसतो, आणि वर दाखवल्याप्रमाणं तेलाच्या जागी आल्यानं पैसेही लवकर निघतात. दोघा भावांत आधी कुणी करावं म्हणाल तर माझ्या मते फौंड्रीनं. हीट ट्रीटमेंटसाठी गॅसिफायर, म्हणजे काडीकचऱ्यापासून जळणारा वायू करणारं यंत्र, हा पर्याय आहे. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं यावर कैक वर्षं काम केलं आहे आणि त्यांचं ओपन टॉप डाउनड्राफ्ट तंत्र देशभर वापरात आहे. तीन-साडेतीन किलो सुकी बुरकुंडं एका लिटर डिझेलचं काम करतात. मात्र वायू घनमीटरला हजार-बाराशे किलोकॅलरीचाच असतो, बर्नर मोठे लागतात, आणि डांबर काढायचं पाणी रोज हाताळावं लागतं. एक माणूस फक्त त्यावरच ठेवायची तयारी असेल तरच त्यात पडा.

विजेच्या बाजूनं जायचं तर 2022 च्या हरित ऊर्जा खुल्या वापराच्या (ओपन ॲक्सेस) नियमांनी मंजूर भाराची किमान मर्यादा एक मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आणली होती. पुढं कर्नाटकात हे नियम न्यायालयात अडकले, म्हणून आज काय लागू आहे ते आधी विचारा. मुभा असेल तर भाऊ हेस्कॉमच्या (आपल्या भागातल्या वीज कंपनीच्या) तारांवरूनच बायोमासची किंवा पवन-सौर वीज विकत घेऊ शकतात. वहन आकार आणि अधिभार धरून युनिट कितीला पडतं ते तपासा, वर्षावर्षाला ते बदलतं. युरोपला कास्टिंग जात असेल तर हे आत्ताच बघा, कारण 1 जानेवारी 2026 पासून तिथं लोखंड-पोलादाच्या अनेक वस्तूंवर कार्बनचा आकार लागू झाला आहे आणि गिऱ्हाईक विजेचाही हिशेब मागू शकतं.

तिसरा प्रश्न ब्रिकेट कारखान्याचा. एकट्या तुमच्या बॉयलरसाठी टाकू नका. ब्रिकेट दाबणाऱ्या पिस्टन प्रेसला माल दहा-बारा टक्क्यांच्या आत सुका आणि बारीक कुटलेला लागतो. त्यात बाहेरून कसलाही डिंक घालत नाहीत, दाबानं आणि उष्णतेनं काडीतलंच लिग्निन (लाकडातलं नैसर्गिक चिकट द्रव्य) मऊ होऊन धरतं. कुट्टी, ड्रायर आणि प्रेस धरून विजेचं बिल जाणवण्याइतकं येतं, डाय आणि रॅम या दाबणाऱ्या भागांची झीज वेगळी. 2022 च्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात ताशी टन क्षमतेमागं 9 लाख, जास्तीत जास्त 45 लाख असं अनुदान होतं, पण ते कारखाना चालू होऊन तपासणी झाल्यावर हातात पडतं, म्हणून कर्जाच्या हिशेबात ते धरू नका. खरा प्रश्न मशीनचा नसून मालाचा आहे. इचलकरंजीची प्रोसेस हाऊस (कापड रंगवणारे कारखाने) याच काड्यांवर डोळा ठेवून आहेत, आणि औष्णिक केंद्रांना कोळशात बायोमास मिसळणं सक्तीचं झाल्यापासून पेलेटवालेही (काडीकचऱ्याच्या बारीक दाबलेल्या गोळ्या करणारे) गावोगाव फिरतात. सौंदत्ती-गोकाकच्या बाजूला ज्याच्याकडं ट्रॅक्टरवरचा श्रेडर (काड्या बारीक करणारं यंत्र) आहे आणि चार गावांत शब्द चालतो, अशा माणसाला हंगामाआधी उचल देऊन बांधून घेतलंत तर कारखाना न टाकताही काम होतं. पैसे मात्र शेतकऱ्याला वेळेवर जाऊ द्या. एकदा पैसे अडकले की पुढच्या वर्षी तो काडी पेटवेल पण देणार नाही.

कागदपत्रांत दोनच गोष्टी. इंधन बदललं की राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात तसा बदल करून घ्यावा लागतो, चालवून बघू आणि मग अर्ज करू हे चालत नाही. आणि भट्टी किंवा फीडरमध्ये बदल करायच्या आधी कारखाने व बॉयलर खात्याला कळवा. 1923 चा कायदा जाऊन 2025 चा नवा आला आहे, पण परवानगीशिवाय बॉयलरला हात न लावण्याचा नियम तोच आहे.

राख फेकू नका. तुराट्या-पऱ्हाट्यांची राख पोटॅशवाली, शेतकऱ्याला परतीच्या गाडीत द्या, पुढच्या वर्षीच्या मालाचा भाव ठरवताना त्याचा उपयोग होतो. तुसाची राख भावाच्या फौंड्रीत लॅडलमधल्या (ओतायच्या भांड्यातल्या) वितळलेल्या रसावर पसरायला चालते, उष्णता धरून ठेवते.

सुरुवात कशी करायची म्हणाल, तर सध्याच्या कोळशाच्या शेगडीवरच ब्रिकेट चौथ्या हिश्श्यापर्यंत मिसळून महिनाभर चालवा, संमतीपत्रात तशी नोंद करून घेऊन. वाफेचा मीटर नसेल तर आधी तो बसवा, बॉयलरला जाणाऱ्या पाण्याच्या टाकीवर साधा पाण्याचा मीटर लावलात तरी चालेल. रोज किती किलो इंधन, किती लिटर पाणी, किती किलो राख, चिमणीचं तापमान किती, एवढं वहीत लिहा. वही आणि गेल्या वर्षभराची इंधनाची बिलं पुढं ठेवलीत की शेगडी बदलायची का, याचं उत्तर अर्ध्या तासात देता येईल. तोवर कुठल्याही मशीनवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका.